दस्तुरी नाक्यापासून पुढचे माथेरान

नेरळमध्ये वाढलेल्या माणसाला माथेरान हे पर्यटनस्थळ आहे ही गोष्ट बरीच उशिरा कळते. आधी ते नुसते ‘वर’ असते. शेजारचे काका वर हॉटेलात स्वयंपाकाला असतात, मागच्या आळीतल्याची टॅक्सी वर जाते, वर ढग अडकले की खाली आमच्या अंगणात पाणी साचते. मे महिन्यात मुंबईची माणसे सामान सांभाळत फलाटावर उतरू लागली की सगळे गाव थोडे घाईत येते, इतकाच त्याचा आमच्या लहानपणाशी संबंध होता. त्यामुळे माथेरानबद्दल लिहिताना सूर्यास्त आणि धुके यांच्याकडे माझे लक्ष कमी जाते आणि वर गेलेली प्रत्येक वस्तू कोणी नेली, कशी नेली आणि त्याला त्याचे काय मिळाले, याच्याकडे जास्त जाते.

माथेरान हा सह्याद्रीच्या मुख्य रांगेपासून सुटून कोकणपट्टीत उभा राहिलेला डोंगर आहे. उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर, म्हणजे महाबळेश्वरच्या तुलनेत बरीच कमी. पण चारही बाजूंनी कडे तुटलेले असल्यामुळे ती आहे त्याहून अधिक वाटते. माथा सपाट, खाली काळा कातळ आणि वर जांभ्या दगडाचा व तांबड्या मातीचा थर. या थरावर जांभूळ, हिरडा, अंजन, आंबा यांचे दाट रान उभे आहे. उन्हाळ्यात खालचे सगळे डोंगर पिवळे पडलेले असताना हा एकच माथा हिरवा दिसतो. कड्याच्या टोकाला जाऊन उभे राहिले की समोर प्रबळगड, त्याच्या दक्षिणेला इर्शाळगड, दुसऱ्या अंगाला पेबचा किल्ला आणि हवा स्वच्छ असेल तर पनवेलच्या पलीकडपर्यंतचा सखल मुलूख दिसतो. इंग्रजांनी अशा टोकांना ‘पॉइंट’ म्हणायला सुरुवात केली. लुईझा, पॅनोरमा, गार्बट, अलेक्झांडर, एको ही नावे आमच्या आजीच्या तोंडीही आंबा-फणसाइतकी सहज होती. स्पष्ट बोलायचे तर निम्मे पॉइंट तीच दरी थोड्या निराळ्या कोनातून दाखवतात. पण घोडेवाले ‘सात पॉइंट’, ‘बारा पॉइंट’ असे हिशेब करून फेरी विकतात, आणि विकायला हवेच, कारण दरी दाखवण्यापलीकडे गावाजवळ विकायला फारसे काही नाही. येथे शेती होत नाही, कारखाना नाही. २०११ च्या जनगणनेत गावाची लोकसंख्या साडेचार हजारांच्याही आत भरली. राज्यातल्या सर्वांत लहान नगरपरिषदांपैकी ही एक.

या गावाचे खरे प्रवेशद्वार म्हणजे दस्तुरी नाका. नेरळहून घाट चढून आलेली टॅक्सी येथे थांबते, स्वतःची गाडी आणलेला माणूस ती येथे लावतो, नगरपरिषदेचा प्रवासी कर येथे भरायचा, आणि येथून बाजारपेठेपर्यंतचे साधारण अडीच-तीन किलोमीटर अंतर कापायचे. पेट्रोलवर चालणाऱ्या वाहनाला या नाक्यापुढे मज्जाव आहे. अपवाद फक्त रुग्णवाहिकेचा आणि अग्निशमनाच्या गाडीचा. वाहनबंदी ही येथली जुनी रीत होती. फेब्रुवारी २००३ मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने माथेरान आणि आजूबाजूचा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला, तेव्हा तिला कायद्याचे बळ मिळाले. त्या निर्णयाबद्दल माझ्या मनात कसलाही किंतु नाही. तो झाला नसता, तर आज बाजारपेठेत दोन्ही बाजूंना गाड्या लागलेल्या असत्या आणि लुईझा पॉइंटवर वाहनतळाची पावती फाडली गेली असती.

पण गाडी थांबली म्हणून ओझे थांबत नाही. हे अडीच-तीन किलोमीटर कोणाच्या तरी अंगावरून जातात, आणि गावाचे अर्थकारण जवळजवळ सगळे याच अंतरावर उभे आहे. टॅक्सीवाला या अंतराच्या अलीकडे कमावतो. हमाल, हातरिक्षावाले, प्रवासी वाहणारे घोडे, माल वाहणारे घोडे, हातगाडीवाले, दस्तुरीजवळच्या अमन लॉज स्टेशनहून सुटणारी रेल्वेची शटल आणि आता ई-रिक्षा, हे सगळे या अंतरावर कमावतात. हॉटेलवाला आणि दुकानदार त्याच्या पलीकडे कमावतात, पण त्यांच्या प्रत्येक वस्तूच्या किमतीत हे अंतर मिसळलेले असते. पाण्याची बाटली, कांद्याचे पोते, विटा, वाळू, फ्रीज, नव्या नवरीचे कपाट, हे भाडे कशालाच चुकत नाही. वरच्या हॉटेलात चहा महाग का, असे विचारणाऱ्या पाहुण्याने एकदा सकाळी सातच्या सुमारास दस्तुरीच्या चढावर उभे राहून पाहावे.

त्या वेळी मालाच्या हातगाड्या निघतात. गॅसचे सिलिंडर भरलेली अशी एक गाडी मी बराच वेळ तिच्या मागून चालत पाहिली आहे. पुढे दोघे जण दांड्याला छाती लावून ओढत होते, मागे दोघे खांद्याने रेटत होते. चढ जेथे अंगावर येतो तेथे त्यांनी गाडी सरळ नेली नाही. रस्त्याच्या डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत तिरकी नेत, नागमोडी रेघ काढत ते वर गेले. दम घ्यायला थांबायचे झाले की मागचा माणूस न सांगता पायानेच एक दगड चाकाखाली सरकवायचा. तो दगड कोठून येतो म्हणून पाहिले, तर तो गाडीवरच होता, सिलिंडरांच्या मध्ये खोचून ठेवलेला. बोलणे अगदी कमी, आणि जे होते ते घरातल्या आजारपणाबद्दल. एकाच्या पायात प्लास्टिकची चप्पल होती आणि तिचा अंगठा तारेने शिवलेला होता. माथेरानच्या बाजारपेठेत चामड्याच्या चपलांची रांगच्या रांग दुकाने आहेत आणि चांगल्या चपलांसाठी लोक मुद्दाम येथे येतात, हे त्या वेळी आठवल्यावाचून राहिले नाही.

हातरिक्षाचे कामही असेच चालते. समतल रस्त्यावर एक जण ओढू शकतो. दस्तुरीहून बाजारात यायचे तर चढाला तिघे लागतात, एक पुढे आणि दोघे मागे. उतारावर तर पुढच्या माणसाचे काम आणखी अवघड, कारण तेव्हा स्वतःच्या टाचांनी सगळा भार रोखून धरावा लागतो. आत बसलेले बहुतेक वेळा वयस्कर किंवा आजारी असतात, क्वचित धडधाकटही असतात. परवाना असलेल्या हातरिक्षा ९४ आणि घोडे चारशेहून अधिक. घोडेवाल्याच्या हिशेबात एक गोष्ट बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही: घोड्याला सुट्टी नसते. पावसाळ्यात गिऱ्हाईक नसले तरी चंदी, गवत, नाल आणि औषधपाणी चालूच राहते. म्हणून एप्रिल-मे आणि दिवाळीच्या सुट्टीत तो जो भाव सांगतो, त्यात जून ते सप्टेंबरच्या रिकाम्या दिवसांचा खर्चही धरलेला असतो. हातरिक्षावाल्याला निदान घरी बसलेल्या रिक्षेला खायला घालावे लागत नाही.

हे अंतर असे राखून ठेवण्याची कल्पना मुळात गावकऱ्यांची नव्हती. ठाण्याचे कलेक्टर ह्यू पॉइंट्झ मॅलेट १८५० च्या मे महिन्यात चौक गावाच्या बाजूने हा डोंगर चढले, त्यांना हवा आवडली, आणि पुढे त्यांनी येथे घर बांधले. पाण्याच्या एका झऱ्याला आजही त्यांचेच नाव आहे. त्यांच्या मागोमाग मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन आले आणि मग मुंबईच्या साहेबांचे, पारशांचे, बोहऱ्यांचे, गुजराती व्यापाऱ्यांचे बंगले उभे राहिले. डोंगरावर माणसे त्याआधीही येत-जात होतीच. धनगर, ठाकूर आणि कातकरी यांच्या पायवाटांवरूनच मॅलेट वर आले असणार. पण बंगले झाले आणि गावाची घडण ठरून गेली: वर राहणारा मालक वर्षातून महिना-दीड महिना येणार आणि बाकीचे वर्षभर त्याचा माळी, त्याचा पहारेकरी आणि त्याच्यासाठी दूध, लाकूड, भाजी वर आणणारी माणसे हा डोंगर सांभाळणार.

रेल्वे आली तीही त्याच मालकवर्गाच्या सोयीसाठी, पण तिने गावाला दिलेले बळ मोठे आहे. मुंबईचे व्यापारी सर आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने स्वतःच्या पैशाने ही लाइन बांधली. त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी १९०४ मध्ये काम सुरू केले आणि १९०७ मध्ये पहिली गाडी धावली; खर्च सुमारे सोळा लाख रुपये आला, असे सांगतात. नेरळ ते माथेरान हे अंतर सरळ रेघेत काही फार नाही, पण गाडीला ते कापायला सुमारे वीस किलोमीटर लागतात, कारण दोन फुटी रुळांवरून चालणाऱ्या गाडीलाही वीसास एक यापेक्षा जास्त चढ झेपत नाही. मग डोंगराला वळसा घालायचा, पुन्हा उलट वळायचे, पुन्हा चढायचे. ही वळणे इतकी जवळजवळ आहेत की पहिल्या वाफेच्या इंजिनांना वळणावर धुरा थोडा सरकेल अशी खास रचना करून घ्यावी लागली. ती इंजिने जर्मनीतून आली होती. जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज अशी स्टेशने घेत गाडी दोन-अडीच तासांत पोहोचते, आणि तिच्याबरोबर चालत निघालेला धडधाकट आदिवासी मुलगा पायवाटेने तिच्याआधी पोहोचू शकतो. यात अतिशयोक्ती नाही.

या लाइनचे दुखणे म्हणजे पाऊस. २६ जुलै २००५ च्या पावसात रूळ वाहून गेले आणि गाडी पुन्हा सुरू व्हायला २००७ उजाडले, म्हणजे नेमके शंभरावे वर्ष. मे २०१६ मध्ये डबे घसरल्याने ती पुन्हा बंद पडली. ती सुरू होऊन स्थिरावते तोच २०१९ च्या पावसाने घाट उखडला आणि नेरळहून पूर्ण गाडी सुटायला ऑक्टोबर २०२२ पर्यंत वाट पाहावी लागली. दरवर्षी पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज हा टप्पा बंदच असतो. अमन लॉज ते माथेरान ही शटल तेवढी चालते. गाडी बंद असली की नेरळच्या टॅक्सीवाल्यांना बरे दिवस येतात आणि वरच्या दुकानदारांना वाईट, कारण ‘राणी’ चालत नाही म्हटल्यावर मुले असलेली कुटुंबे लोणावळ्याकडे वळतात. एकाच घरातला एक भाऊ खाली टॅक्सी चालवतो आणि दुसरा वर चिक्की विकतो, अशीही उदाहरणे आहेत. त्या घरात रेल्वेच्या बातमीवर एकमत होत नाही.

बंगल्यांच्या आणि साहेबांच्या या गावाने स्वातंत्र्यलढ्याला जो माणूस दिला, त्याच्याबद्दल पर्यटकांना कोणी काही सांगत नाही, याची मला नेहमी खंत वाटते. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, म्हणजे भाई कोतवाल, यांचा जन्म १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरानलाच एका गरीब नाभिक कुटुंबात झाला. शिक्षणासाठी पुण्याला आणि पुढे मुंबईला जाऊन ते वकील झाले, पण वकिली थाटण्याऐवजी परत आले आणि माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले. त्यांचे लक्ष मात्र डोंगराच्या पायथ्याकडे होते. कर्जत भागातल्या शेतकऱ्यांना आणि आदिवासींना पावसाळ्याच्या तोंडाला सावकाराकडून दाणे उचलावे लागत आणि मग वर्षभर ते फेडत बसावे लागे. भाईंनी त्यांच्यासाठी धान्यकोठ्या काढल्या आणि शाळा सुरू केल्या. १९४२ मध्ये त्यांनी ‘आझाद दस्ता’ उभा केला, मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडले, आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या जंगलात हिराजी पाटील यांच्यासह ते हुतात्मा झाले. तेव्हा त्यांचे वय अवघे तीस होते. ज्या गावात साहेबांची आणि शेठजींची दाढी करून घर चालत होते, त्या घरातला हा मुलगा होता. वर सुट्टीचे गाव आणि खाली कर्जाचा मुलूख या दोन्हींचा संबंध त्याने लहानपणापासून पाहिलेला असणार. पॅनोरमा पॉइंटची माहिती सांगणाऱ्या घोडेवाल्याला दोन वाक्ये भाईंबद्दल सांगायला काय हरकत आहे?

वरच्या मातीबद्दल थोडे विस्ताराने सांगायला हवे, कारण गावातले अर्धे भांडण शेवटी मातीपाशी येते. जांभा सच्छिद्र असतो. पावसाचे पाणी तो पितो, पण धरून ठेवत नाही. कड्याच्या पोटातल्या झऱ्यांतून ते खाली निघून जाते. त्यामुळे चार महिने धो-धो पाऊस पडणाऱ्या या गावात एप्रिलपासून पाण्याची चिंता लागते. पिसरनाथाच्या देवळाजवळचा शार्लोट तलाव हा गावाचा जुना आधार. पण पाहुण्यांची गर्दी वाढल्यावर तो पुरेनासा झाला आणि नेरळजवळून उल्हास नदीचे पाणी टप्प्याटप्प्याने उपसून डोंगरावर चढवावे लागले. म्हणजे ढग वर अडवून खाली दिलेले पाणी वीज जाळून पुन्हा वर न्यायचे. यातले वीजबिल हा नगरपरिषदेच्या सभांतला नेहमीचा विषय.

दुसरी गोष्ट धुळीची. लाल मातीच्या रस्त्यावरून घोडे चालले की माती पिठासारखी बारीक होते, तिच्यात लीद मिसळते, उन्हाळ्यात ती उडते आणि पहिल्या पावसात वाहून जाते. दरवर्षी रस्ता थोडा खोल जातो आणि कडेच्या झाडांची मुळे उघडी पडतात. जुन्या झाडांच्या बुंध्याशी पाहिले तर किती माती गेली याचा अंदाज येतो. काही ठिकाणी मुळे माणसाच्या गुडघ्याइतकी वर आलेली आहेत. यावर उपाय म्हणून मुख्य रस्त्यावर मातीचे भाजलेले पेव्हर ब्लॉक बसवायला सुरुवात झाली आणि गावात दोन तट पडले. दुकानदारांना, हातगाडीवाल्यांना, हातरिक्षावाल्यांना ते हवे होते, कारण चाक हलके फिरते आणि धूळ कमी होते. घोडेवाल्यांना ते नको होते, कारण ओल्या ब्लॉकवर नाल घसरते आणि आज मुख्य रस्त्यावर ब्लॉक आले की उद्या त्यावर मोटारी येतील, अशी धास्ती त्यांना होती. दोघांचेही म्हणणे खरे होते, म्हणूनच ते भांडण गावात मिटले नाही आणि दिल्लीपर्यंत गेले.

ई-रिक्षांचे प्रकरण याच भांडणाला जोडलेले आहे. हातरिक्षा ओढणाऱ्यांची मागणी बरीच जुनी: आम्हाला माणसे ओढायला लावू नका, विजेवर चालणारी छोटी रिक्षा द्या, ती धूर सोडत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ च्या मे महिन्यात प्रायोगिक तत्त्वावर परवानगी दिली आणि डिसेंबरमध्ये सात ई-रिक्षा दस्तुरीवर उभ्या राहिल्या. सगळ्यात आधी त्यांची सवय लागली ती शाळेच्या मुलांना. दप्तर पाठीला लावून दस्तुरीपासून रोज चालत येणारी मुले त्यात बसू लागली. मग म्हाताऱ्या स्त्रिया, मग गरोदर बाया, मग पर्यटक. प्रयोग संपल्यावर रिक्षा काही काळ बंद पडल्या, तेव्हा रस्त्यावर उतरलेल्यांत विद्यार्थ्यांचे पालकही होते. घोडेवाले न्यायालयात गेले. न्यायालयाने ई-रिक्षांची संख्या वीसवर मर्यादित केली आणि त्या हातरिक्षावाल्यांनाच द्याव्यात, असे बजावले. ९४ परवाने आणि २० रिक्षा, हा हिशेब कोणालाही समाधान देणारा नव्हता.

६ ऑगस्ट २०२५ रोजी सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने माणसाने माणसाला ओढण्याची पद्धत अमानवी ठरवून ती सहा महिन्यांत बंद करण्याचा आणि हातरिक्षावाल्यांचे पुनर्वसन करण्याचा आदेश दिला. गुजरातमध्ये केवडियाला स्थानिक महिलांच्या हाती ई-रिक्षा दिल्या गेल्या, त्या धर्तीवर विचार करावा, असेही सुचवले. पेव्हर ब्लॉकबद्दल मधला मार्ग काढला: दस्तुरीपासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच्या मुख्य रस्त्यावर ते चालतील, आतल्या रस्त्यांवर आणि पॉइंटकडे जाणाऱ्या वाटांवर नको. मला हा निर्णय मनापासून पटला. पाठीचे मणके झिजलेली, चाळिशीतच म्हातारी दिसणारी माणसे मी पाहिली आहेत, आणि ‘जुनी परंपरा’, ‘माथेरानची ओळख’ अशा शब्दांत त्यांच्या कष्टांची भलामण करणारे लेख वाचले की चीड येते. हातरिक्षा ही परंपरा असेल, तर ती ओढणाऱ्याच्या मुलाला ती चालवायची आहे का, हे आधी विचारावे. मी ज्यांना विचारले, त्यांपैकी एकानेही हो म्हटले नाही.

घोडेवाल्यांची भीती मात्र मला खोटी वाटत नाही. दस्तुरी ते बाजार हा टप्पा शटलने अर्धा घेतला आणि उरलेल्यातला बराचसा ई-रिक्षा घेतील. मग घोड्याला उरते पॉइंटची फेरी. ती फेरी सुट्टीच्या दिवशी मिळते, मंगळवारी-बुधवारी मिळत नाही. या ताणातूनच दस्तुरीवर गैरप्रकार वाढले. गाडीतून उतरलेल्या कुटुंबाला ‘पुढे चालण्यासारखा रस्ता नाही’, ‘शटल आज बंद आहे’ असे सांगून घोड्यावर बसवायचे किंवा भलतीच खोली गळ्यात मारायची. या फसवणुकीला कंटाळून मार्च २०२५ मध्ये गावातल्याच व्यावसायिकांनी आणि रहिवाशांनी बेमुदत बंद पुकारला. पर्यटनावर जगणाऱ्या गावाने पर्यटकांच्या बाजूने स्वतःच दुकाने बंद ठेवावीत, ही साधी गोष्ट नव्हती. प्रशासनाने बैठका घेतल्या, आश्वासने दिली आणि बंद मागे घेतला गेला. रेल्वेचे वेळापत्रक, घोड्याचे, हमालाचे आणि रिक्षाचे दर मोठ्या अक्षरांत टॅक्सी थांबते नेमक्या त्या जागी दिसले पाहिजेत, ही मागणी काही क्रांतिकारक नाही. पण नाक्यावर येणाऱ्या माणसाच्या अज्ञानावर ज्यांचे पोट भरते, त्यांना ती तशी वाटते.

या सगळ्या वादात ज्यांचे नाव कोठेच येत नाही, ते लोक डोंगराच्या अंगावर आणि पायथ्याशी राहतात. डोंगराच्या सोंडांवर धनगरांच्या आणि ठाकरांच्या वाड्या आहेत. तेथली माणसे रोज पहाटे पायवाटेने वर येतात, हॉटेलांत भांडी, झाडलोट, बागकाम करतात आणि संध्याकाळी परत उतरतात. हॉटेलात राहिलेल्या पाहुण्याची चादर बदलणारी बाई कित्येकदा सूर्योदयापूर्वी डोंगर चढून आलेली असते. पनवेलच्या बाजूला धोदाणी हे गाव आहे. तेथले शेतकरी सनसेट पॉइंटच्या वाटेने भाजी, दूध आणि हंगामात जांभळे, करवंदे, रानभाज्या घेऊन वर येतात. ती वाट मी चढले आहे, रिकाम्या हाताने, आणि तरीही दोनदा बसावे लागले. माझ्या पुढे एक बाई डोक्यावर काकड्यांची पाटी घेऊन चालली होती. पाटीला तिने एका हाताचाच आधार दिला होता, दुसऱ्या हाताने ती लुगड्याचा ओचा सावरत होती, आणि मध्ये कातळाचा एक टप्पा आला तेव्हा पाटी खाली न ठेवता, गुडघा वाकवून, अंगाचा तोल मागे न जाऊ देता ती वर चढली. वर पोहोचल्यावर बाजारात बसायच्या आधीच एका हॉटेलच्या माणसाने अर्ध्या काकड्या उचलल्या. भाव त्याने सांगितला, तिने नाही.

दस्तुरीच्या अंतराला निदान दर आहे, संघटना आहे, परवाना आहे आणि आता न्यायालयाचा आदेशही आहे. धोदाणीच्या चढाला यातले काही नाही. तेथला माणूस हमाल नाही, घोडेवाला नाही, रिक्षावाला नाही. तो स्वतःच्याच मालाचे ओझे वाहतो, म्हणून वाहण्याचे त्याला काही मिळत नाही आणि पुनर्वसनाच्या कोणत्याही यादीत तो बसत नाही. पायथ्यापासून वर रस्ता करावा, अशी मागणी मधूनमधून होते, आणि संवेदनशील क्षेत्र असल्यामुळे ती मान्य होणे अवघड आहे, हेही मला समजते. शेजारच्या इर्शाळवाडीवर जुलै २०२३ मध्ये डोंगर कोसळला, त्यानंतर या उतारांवर खोदकामाचा विचार करतानाही धास्ती वाटते. पण दरवर्षी पावसाळा संपला की पायवाटेची डागडुजी करणे, घसरड्या टप्प्यांवर दगडी पायऱ्या बसवणे आणि वर आलेल्या विक्रेत्यांना बाजारपेठेत बसायला हक्काचे ओटे देणे, एवढे करायला डोंगर फोडावा लागत नाही. पर्यटकांकडून दस्तुरीला जो कर घेतला जातो, त्यातला एक हिस्सा या वाटांसाठी राखून ठेवावा, असा ठराव नगरपरिषदेने करावा असे मला वाटते. भाजीचा भाव मग हॉटेलवाल्याने सांगायचा की पाटीवालीने, हे ओट्यावर बसल्यावर तीच ठरवेल.